कॅज्युअल्टीत आधी कोण?

कॅज्युअल्टीत आलेल्या क्रमाने कुणाला तपासत नाहीत. बाहेरच्या माणसाला तिथलं काहीच समजत नाही, त्यामागे मुख्यतः ही एकच गोष्ट असते. ओपीडीत केसपेपरचा नंबर असतो, इथे नसतो. अर्ध्या तासापूर्वी आलेला माणूस बाकावर बसून राहतो आणि आत्ता दारातून शिरलेल्याची ट्रॉली सरळ आत जाते. बसलेल्याच्या नातेवाइकांना वाटतं, त्यांची ओळख असणार किंवा पैसे दिले असणार. बहुतेक वेळा यातलं काहीही नसतं. आधी कोण आणि मग कोण, हे तिथे ठरलेलं असतं. ते कशावरून ठरतं आणि दारातून शिरल्यावर पेशंटचं नेमकं काय होतं, हा या व्याख्यानाचा विषय आहे. प्रत्येक घरातल्या कुणाला तरी, कधी ना कधी, बहुधा रात्री आणि बहुधा कसलीही तयारी नसताना, त्या दारातून आत जावं लागतं.

समजा, रात्री अकराच्या सुमाराला दोन पेशंट एकदमच आले. एकाचा हात काचेने कापलाय, गुंडाळलेला टॉवेल रक्ताने भिजलाय आणि सोबतची चारही माणसं आरडाओरडा करताहेत. दुसरा पंचावन्न-साठीचा गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत आलाय. त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटलाय, पण तोंडाने तो ‘जरा गॅस झाल्यासारखं वाटतंय’ एवढंच म्हणतो. सिस्टर पहिल्याच्या जखमेवर घट्ट पट्टी बांधते, हात वर धरायला सांगते आणि त्याला बाकावर बसवते. दुसऱ्याला ती ट्रॉलीवर आडवं करते आणि ईसीजीचं मशीन मागवते. बाकावरच्या मंडळींना हा अन्याय वाटतो. पण दाबून धरलेल्या जखमेतलं रक्त थांबतं आणि टाके तासाभराने घातले तरी चालतात. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. म्हणून छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दारात पाऊल टाकल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे, असा जगभरचा दंडक आहे. ईसीजीत मोठा झटका दिसला आणि अँजिओप्लास्टीची सोय तिथेच असली, तर ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडायची. सोय नसली, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्ध्या तासात द्यायचं.

ही निवड करण्याच्या पद्धतीला ट्रायाज म्हणतात. तिचं श्रेय बहुतेक इतिहासकार नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे याला देतात. जखमी माणूस सरदार आहे की साधा शिपाई हे पाहायचं नाही, जखम किती घातक आहे तेवढंच पाहायचं, असं त्याने रणांगणावर ठरवलं. दोनशे वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे. दिल्लीच्या एम्समध्ये पेशंटची लाल, पिवळा आणि हिरवा अशी तीन रंगांत वाटणी होते. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे थोडं थांबता येईल पण नजर हवी, हिरवा म्हणजे थांबलं तरी धोका नाही. ब्रिटनमधल्या पद्धतीत पाच पायऱ्या असतात. महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयांत कुठे रंगांच्या पट्ट्या असतात, तर कुठे अनुभवी सिस्टरची नजरच हे काम करते. हिरव्यात बसलेल्या माणसाला मात्र कुणी सांगत नाही की त्याला थांबवलंय म्हणजे ती आनंदाची बातमी आहे. हे सांगायला एक वाक्य पुरतं, आणि ते न सांगितल्यामुळे किती भांडणं होतात याची गणती नाही. रंगांचा अर्थ मराठीत लिहून प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावणं सक्तीचं व्हायला हवं.

लाल ठरलेल्या पेशंटला आत घेतलं की पाच-सहा माणसं एकदम त्याच्यावर तुटून पडतात. बघणाऱ्याला तो गोंधळ वाटतो, पण त्यातही क्रम असतो. आधी श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, मग श्वास नीट चाललाय का, मग नाडी आणि रक्तदाब, मग शुद्ध आणि बाहुल्या, आणि शेवटी कपडे काढून सगळं अंग. एका पायरीवर अडचण दिसली की ती सोडवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मोडलेला पाय कितीही वाकडा दिसला तरी डॉक्टर आधी छाती तपासतात, त्याचं कारण हेच. अपघातातल्या पेशंटचे कपडे कात्रीने उभे कापतात, कारण मान हलवायची नसते. नवा शर्ट कापला म्हणून हळहळणारे नातेवाईक असतात. त्यांचंही चुकत नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं.

हातात सुई घालताना बारकाईने पाहिलं, तर तिथल्या माणसांच्या मनात काय आहे ते कळतं. व्हेनफ्लॉन म्हणजे शिरेत ठेवायची सुई; तिच्या मागच्या टोपणाचा रंग सुईच्या जाडीप्रमाणे ठरलेला असतो. लहान मुलाला पिवळी किंवा निळी, एरवी वॉर्डात गुलाबी, आणि जास्त रक्तस्राव झालेल्याला हिरवी, करडी नाहीतर सगळ्यांत जाड नारिंगी. दोन्ही हातांत जाड सुया घातल्या म्हणजे रक्त आणि सलाईन वेगाने आत सोडायची तयारी चालली आहे. त्याच सुईतून वेगवेगळ्या रंगांच्या बुचांच्या नळ्यांत रक्त काढून घेतात. बोटाच्या टोकाला टोचून साखरही बघतात. ही तपासणी काही सेकंदांची असते, पण तिच्यावर पुष्कळ अवलंबून असतं. साखर फार उतरली की माणूस बरळतो, एक बाजू लुळी पडते, कधी झटके येतात, आणि हुबेहूब लकव्यासारखं चित्र दिसतं. शिरेतून ग्लुकोज गेलं की तोच माणूस काही मिनिटांत उठून बसतो.

यानंतर प्रश्न सुरू होतात. काय झालं, कधी झालं, कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, शेवटचं कधी खाल्लं? सिस्टर विचारते, मग शिकाऊ डॉक्टर विचारतो, मग निवासी डॉक्टर, मग वरून आलेले सर. चौथ्या वेळी घरच्यांचा तोल जातो. पण पहिल्या दोघांना न सांगितलेली गोष्ट तिसऱ्याला आठवून सांगितली, असं तिथे रोज घडतं. शेवटचं कधी खाल्लं हे विचारतात, कारण भूल द्यावी लागली तर पोटातलं अन्न फुफ्फुसात जाण्याची भीती असते. त्यासाठीच ‘निदान घोटभर चहा तरी’ म्हणणाऱ्या मावशींना अडवतात. आणि ‘बीपीची एक पांढरी गोळी चालू आहे’ या उत्तराचा काहीही उपयोग होत नाही. पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्यावीत किंवा मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती न विचारता सांगावी.

पक्षाघातात एकाच प्रश्नाला सगळ्यांत जास्त किंमत असते: हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? लक्षणं कधी लक्षात आली ते वेगळं, आणि शेवटचं ठीक कधी पाहिलं ते वेगळं. सकाळी सहाला उठताना तोंड वाकडं दिसलं आणि रात्री दहाला माणूस नीट बोलून झोपला असेल, तर डॉक्टर रात्री दहापासून मोजतात. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. तेही सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. मोठी वाहिनी बंद पडलेल्या पक्षाघातात उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मांडला गेला. असं असताना पुष्कळ घरांत आधी फॅमिली डॉक्टर, मग मालिश, मग ‘सकाळपर्यंत बघू’ असं चालतं आणि साडेचार तास घरातच संपतात. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोबडं बोलणं यातलं एक जरी दिसलं, तरी घड्याळात पाहावं, वेळ लिहून घ्यावी आणि सीटीची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. जवळचं पण सीटी नसलेलं रुग्णालय इथे कामाचं नाही.

छातीत दुखणाऱ्यांचं एक वेगळं गाऱ्हाणं असतं. ‘ईसीजी नॉर्मल आहे म्हणाले, मग तीन तास कशाला बसवून ठेवलं?’ पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून झटका नाही असं ठरत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं, पण ते वाढायला वेळ लागतो. म्हणून काही तासांनी ते पुन्हा मोजतात आणि आकडा चढतोय का ते पाहतात. बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये छातीत कळ न येता नुसता दम लागणं, मळमळ किंवा जबडा दुखणं एवढंच होऊ शकतं. घरच्यांनी आणि कधीकधी डॉक्टरांनीही ॲसिडिटी समजून परत पाठवलेल्या या बायकांचं दुःख फार मोठं आहे.

यंत्रांची एवढी गर्दी असूनही महाराष्ट्रातल्या कॅज्युअल्टीतली एक मोलाची तपासणी साध्या काचेच्या नळीत होते. साप चावलेल्याचं दोन मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी २० मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग हळूच आडवी करायची. रक्त घट्ट बसलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनून रक्ताची गोठण्याची शक्ती गेली आहे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर उत्तर चुकतं. त्या २० मिनिटांत ‘डॉक्टर नुसते नळीकडे बघत बसलेत’ असं नातेवाइकांना वाटतं. नाग आणि मण्याराच्या विषाने रक्ताचं गोठणं बिघडत नाही. तिथे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. म्हणून दर थोड्या वेळाने पेशंटला वर बघायला लावतात, मान उचलायला सांगतात. प्रतिसर्पविष देण्याआधी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून ठेवतात, कारण घोड्याच्या रक्तापासून केलेल्या या औषधाची रिॲक्शन येऊ शकते. गावाकडे अजूनही दोरीने करकचून बांधतात, ब्लेडने कापतात, देवळात नेऊन बसवतात. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातले पुष्कळ मृत्यू रुग्णालयात पोहोचण्याआधीचे आहेत.

विंचवाचं उदाहरण यापेक्षा आशादायक आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते, तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि मुलं डोळ्यांदेखत फुफ्फुसात पाणी होऊन मरत. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी रात्री काढून लक्षणांच्या नोंदी केल्या. त्यातून प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी पुढे आली. लाल विंचवाच्या दंशातलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या घरात आलं. हे काम तालुक्याच्या जागी, तुटपुंज्या साधनांवर झालं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. कॅज्युअल्टी म्हणजे महागडी यंत्रं, असं मानणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं काम मुळातून समजून घ्यावं.

विषबाधेत डब्याला महत्त्व असतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात आले. कोणतं औषध फवारलं हे कित्येकांना सांगता येत नव्हतं, कारण दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली होती. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाचं नाव असतं, विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो आणि उताराही छापलेला असतो. डबा सोबत आणला तर डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात, आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. त्याने पेशंट लाल होतो, बडबडतो, हातपाय झाडतो, आणि त्याचे हात पट्टीने बांधावे लागतात. बाहेर उभ्या असलेल्या बायकोला ते पाहवत नाही. ही औषधाची खूण आहे, ती लवकरच ओसरेल, एवढं तिला कुणीतरी जवळ जाऊन सांगायला हवं.

हे सगळं करणारा डॉक्टर कोण असतो, याचं उत्तर फार जुनं नाही. वर्षानुवर्षं कॅज्युअल्टी म्हणजे नवख्या डॉक्टरने सांभाळायची आणि बोलावल्यावर सर्जन किंवा फिजिशियनने खाली उतरायचं ठिकाण होतं. आपत्कालीन वैद्यक ही भारतात स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली ती २००९ मध्ये. अशा विशेषज्ञांची संख्या मोठ्या शहरांबाहेर अजून अपुरी आहे. रुग्णवाहिकांच्या बाबतीत महाराष्ट्राने २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा उभी केली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटरसकट प्रगत सोय होती आणि बाकीच्या प्राथमिक सोयीच्या होत्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवला, हे या सेवेचं वेगळेपण. कॉल करणाऱ्याने गाव, खूण आणि पेशंटची शुद्ध याबद्दल नीट सांगितलं आणि फोन चालू ठेवला, तर गाडी चुकत नाही.

पोलिसांची भीती हा कॅज्युअल्टीतला सगळ्यांत खोल गैरसमज. अपघात, भाजणं, विषबाधा, मारहाण अशा केसची ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. उपचार मात्र त्यासाठी थांबत नाहीत, थांबवता येत नाहीत. हे ठरलं ते एका घटनेमुळे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने ‘आम्ही पोलीस केस घेत नाही’ म्हणून वीस किलोमीटरवर पाठवलं आणि वाटेत तो गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा हे मानवी हक्क कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम आहे आणि कायद्याचे सोपस्कार नंतर. तीन वर्षांनी, ८ जुलै १९९२ ला, पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागलेला असताना त्याला रात्रभर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवलं गेलं. कुठे खाट नव्हती, कुठे सोय नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये मोजून तो वाचला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली आणि खाट नाही, पैसे नाहीत ही कारणं जीव वाचवण्याच्या आड येऊ शकत नाहीत, असं ठरवून दिलं.

जखमीला घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसालाही आता संरक्षण आहे. न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने २०१९ मध्ये ते दिलं. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, रुग्णालयाने त्याला अडकवून ठेवायचं नाही, त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर खासगी रुग्णालयानेही विनामूल्य उपचार करायचे, असा कायदाच आहे.

पैशांचा प्रश्न काउंटरवर येतोच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या पेशंटला लगेच दाखल करायचं, अनामत रक्कम मागायची नाही आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे. हा नियम नातेवाइकांना माहीत असावा आणि शांतपणे सांगता यावा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. तातडीच्या वेळी कागद नंतर आणून देण्याची सोय आहे. रस्ते अपघातातल्या जखमीसाठी २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू झाली आहे.

नातेवाइकांना बाहेर काढतात, तेव्हा संशय वाढतो. हृदय थांबलेलं असेल, तर आत छातीवर दाब देणं चालू असतं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. बरगड्या मोडल्याचा आवाज येऊ शकतो. पडदा ओढतात तो पेशंटची अब्रू राखण्यासाठी आणि हात मोकळे राहावेत म्हणून. तरीही कुणीतरी दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन एका नातेवाइकाला खरी हकीकत सांगितलीच पाहिजे. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्याला महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हा कायदा हवाच. पण बाहेर येऊन बोलणारा माणूस प्रत्येक पाळीत नेमला, तर त्या कायद्याची गरज पुष्कळ कमी पडेल. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद अजून नीट उभं राहिलेलं नाही, ही दुखरी गोष्ट आहे. घरच्यांनीही बोलायला एकच माणूस ठरवावा. सहा जणांनी सहा वेळा विचारलं की सहा निरनिराळे अर्थ निघतात आणि आतला माणूस सहा वेळा थांबतो.

‘पुढे न्या’ असं सांगितलं, तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली म्हणजे दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी. सर्पदंशात प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या गेल्या आणि कधी गेल्या, हा आकडा तिच्यात हवाच. दुसरी म्हणजे ईसीजीची मूळ पट्टी आणि सीटीची फिल्म. तिसरी म्हणजे पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी झालेलं बोलणं आणि त्याचं नाव. पुढे फोन गेला असेल, तर तिथली ट्रॉली दारात उभी असते आणि सीटीचं टेबल मोकळं करून ठेवलेलं असतं. पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जायचं असेल, तर त्यासाठीच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्यातल्या धोक्याच्या ओळी डॉक्टरांकडून मराठीत वाचून घ्याव्यात. आणि तासाभरातच विचार बदलला, तरी त्याच दारातून पेशंटला परत आणता येतं.